घरात माणूस असलं की

“सत्तावीस,” निरंजन म्हणाला.

मी अजून बूटही काढले नव्हते. त्याने खूण करून मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ओट्यावरचं फडकं उचललं. खाली ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड होती, चांगली वीतभर उंच. घरात माणसं तीन, त्यातली दोन रात्री एकेक भाकरी खाणारी. आई हॉलमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि तिने आमच्यासाठी गाळलेला चहा कपांमध्ये अजून वाफाळत होता.

“एवढ्या कशाला केल्यास गं?” मी विचारलं.

“पीठ जास्ती मळलं गेलं,” आई म्हणाली. “उद्याला व्हत्याल.”

काल एकवीस होत्या. परवा एकोणीस. फ्रीजरचे दोन कप्पे भाकऱ्यांनी भरले होते आणि आईला विचारलं की रोज पीठ जास्ती मळलं जात होतं. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली, चाळीस पोरांच्या खिचडीचा अंदाज कधी न चुकलेली माझी आई. मला काही कळेनासं झालं होतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. शेफील्डच्या एका चढावर आमचं जुनं दगडी घर आहे. मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते, निरंजन कॉम्प्युटरवाला. वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि विट्याच्या घरात आई एकटी राहत होती. मी एकुलती एक. दरवर्षी सहा महिने तिने आमच्याकडे राहावं म्हणून मी फोनवर तिच्या डोक्याशी कटकट केली, रुसले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी ती एका अटीवर तयार झाली: एक खेप येऊन बघते, नाही जमलं तर परत हा विषय काढायचा नाही. आई शब्दाची पक्की होती, त्यामुळे मला ही एकच संधी होती आणि ती मी घालवणार नव्हते.

नोव्हेंबरात ती आली. आल्या दिवशी मी पाण्याचा पेला पुढे केला तर तो हातात घेण्याआधी तिने कनवटीची एक रुपयाची नाणी चाचपून त्यातलं एक माझ्या तळहातावर ठेवलं. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी फुकट प्यायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. आम्हाला मूल नाही आणि होणारही नाही हे तिला ठाऊक होतं. मी रागाने नाणं परत करायला गेले, तर म्हणाली, ठेव गं, माझ्या समाधानासाठी. मी ते फ्रीजवर ठेवलं आणि विसरून गेले.

निरंजनला ती ‘पावणं’ म्हणायची. आमच्याकडे जावयाला तसंच म्हणतात. तो चिंचवडचा, त्याला या शब्दाची फार गंमत वाटायची. घराचे हप्ते मी भरतो आणि या घरातला पाहुणाही मीच, असं तो येईल त्याला सांगायचा.

त्या वर्षी निरंजनचं दुसरं कौतुक म्हणजे हॉलच्या भिंतीवरची पांढरी गोल तबकडी. ऑक्टोबरात त्याने जुनं हीटिंगचं बटण काढून ती बसवली होती. घर कधी तापवायचं, कधी थांबायचं, ते ती स्वतःच ठरवायची. बिल कमी आलं म्हणून तो इतका खूश होता, की आमच्या मराठी मंडळात कुणी नुसतं ‘थंडी फार आहे नाही’ म्हटलं तरी हा त्या माणसाला धरून ते यंत्र घेणं कसं फायद्याचं आहे ते अर्धा तास सांगायचा. तीन घरांनी घेतलंही. आई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिला भिंतीपाशी नेऊन सगळं दाखवलं. मी आत कांदा चिरत होते, पण त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“आई, याला हात लावायचा नाही. काही करायचंच नाही. घरात माणूस असलं की हे आपोआप घर तापवतं. माणूस बाहेर पडलं की आपोआप बंद. त्याला सगळं कळतं.”

“भारीच हाय,” आई म्हणाली.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. उलट एका गोष्टीने मी फार हरखून गेले होते. मी घरी पोचायचे तेव्हा चहा तयार असायचा, नुकता गाळलेला. हॉस्पिटलमधून कधी मी चारला सुटायचे, कधी सहाला, कधी मधेच बाजारात शिरायचे. तरी दार उघडलं की कप समोर. एकदा तर दुपारी अडीचला आले, तेव्हाही. तुला कसं कळतं गं, असं विचारलं की ती नुसती हसायची. मी हॉस्पिटलभर सांगत सुटले की याला आईचं काळीज म्हणतात, हे तुम्हा लोकांना नाही समजायचं.

मग भाकऱ्या वाढायला लागल्या.

आणि मग मॉरीन भेटली. मॉरीन आमच्या शेजारची, आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ पण मनाची चांगली. एका शनिवारी कचऱ्याचे डबे बाहेर ओढताना ती मला म्हणाली, तुमचं वॉशिंग मशीन बिघडलंय का? नाही, मी म्हटलं. मग तुझी आई रोज कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काय करते?

आमच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथे पैसे टाकून मशीनवर कपडे धुता येतात. घरी मशीन नसलेले विद्यार्थी आणि म्हाताऱ्या बायका येतात. मॉरीनच्या सांगण्यावरून, आई अकरा वाजता तिथे जाऊन बसते, हातात एक कपडा नसतो, गरगर फिरणाऱ्या मशीनकडे बघत राहते आणि एकच्या सुमारास उठते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तिथे काय आहे?” मी आईला विचारलं.

“बायका असत्यात. बोलाय.”

“तुला इंग्लिश कुठे येतं?”

“त्यास्नी तरी कुठं मराठी येतंय,” आई म्हणाली.

मला हसू आलं, पण निरंजनला आलं नाही. त्या संध्याकाळी आई देवापाशी बसली होती तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. त्याच्या चिंचवडच्या काकूचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी वरणात दोनदा मीठ, मग एकच पातेलं दिवसभर घासणं, मग रस्त्याने फिरणं. भाकऱ्या, लाँड्री, शिवाय तू बघितलंस का, आपण आत आलो की त्या घाईघाईने काहीतरी लपवतात? मी बघितलं होतं. वडिलांचा जुना करडा स्वेटर. आम्ही दार उघडायचो तेव्हा ती त्याची घडी करून खुर्चीमागे सारत असायची. मला वाटलं होतं, आठवण येत असेल, मांडीवर घेऊन बसत असेल बिचारी.

“शनिवार-रविवारी मात्र त्या अगदी छान असतात,” निरंजन म्हणाला. “भाकऱ्या सहा. लाँड्री नाही. आपण घरात नसलो की होतं हे, उजू.”

हे खरं होतं आणि त्यानेच माझी झोप उडाली. आम्ही असलो की शहाणी आणि आम्ही नसलो की भरकटलेली, तर मग आम्ही तिला एकटं ठेवायचं कसं? आणि एकटं ठेवता येत नाही म्हटल्यावर ती परत इथे येणार कशी? दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तिच्या साध्या बटणांच्या फोनवर रोज फोन करायचे. बरी आहेस का, बरी हाय. काय करतेस, बसलेय निवांत. थंडी? ऊन पडलंय की गं. मी खिडकीतून बघायचे तर खरोखर ऊन पडलेलं असायचं, तिथलं फिकट हिवाळी ऊन, नावापुरतं.

मी गुपचूप तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, आज वार कुठला गं?

“गुरवार,” ती म्हणाली. “मार्गशीर्षातला शेवटचा. तुझ्या ध्यानात हाय का?”

माझ्या ध्यानात नव्हतं.

जानेवारीच्या सुरुवातीला, पोहे खाता खाता, ती म्हणाली, “उजू, मला फेब्रुवारीतच माघारी धाडशील का? तिकीट बदलून मिळत आसंल तर.”

मी चमचा खाली ठेवला. काय कमी पडलं, असं विचारलं. काही नाही म्हणाली. करमत नाही का, तर म्हणाली, करमतंय की. मग? मग काही नाही, घर बंद आहे, वाळवी लागेल. तिच्या पायाच्या बोटांना तेव्हा सूज होती, लाल झाली होती, रात्री ती त्यांना खोबरेल तेल चोळायची. चढ-उतार करून झालं असणार असं मी ठरवून टाकलं होतं. दिवसाला साठ माणसांची हाडं मी बघते. आईची बोटं समोर असून बघितली नाहीत, त्याची लाज मला आजही वाटते.

मी चिडले. स्वतःवर चिडायचं ते तिच्यावर चिडले. सत्तावीस भाकऱ्या करायला करमतं, लाँड्रीत जाऊन बसायला करमतं, माझ्या घरात तेवढं नाही, असं काय काय बोलले. वेड लागलंय का तुला, असंही बोलले. निरंजनने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. पुढचा मंगळवार मिळाला. आईला आम्ही सांगितलं की साखर बघायची आहे.

त्या मंगळवाराआधीच्या गुरुवारी आमच्या विभागातलं एक मशीन बंद पडलं आणि मला दुपारी दीडलाच घरी जायला सांगितलं. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा पर्स चाचपली, फोन लॉकरमध्येच राहिला होता. परत कोण जाणार म्हणून तशीच पुढे गेले.

दार उघडलं आणि आत बाहेरच्याइतकंच गार. मला आधी वाटलं एखादी खिडकी उघडी राहिली असेल. हॉलमधल्या रेडिएटरला हात लावला, तो थंडगार. हॉलमध्ये आई नव्हती. चहा नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चहा नव्हता. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि त्याच्या खालच्या फटीला टॉवेल लावलेला होता.

मी दार ढकललं. गॅसच्या चारही शेगड्या पेटलेल्या होत्या. एकीवर तवा, तव्यावर भाकरी. ओव्हनचं दार उघडं होतं आणि त्याच्यापुढे स्टुलावर आई बसली होती. अंगात वडिलांचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर दुसरी शाल, डोक्याला आणि कानांना त्यांचाच मफलर. दोन्ही पाय ओव्हनच्या दारापाशी धरलेले.

चोरी पकडली गेल्यासारखी ती गडबडली. आधी ओव्हनचं दार लावलं, मग मफलर ओढून काढला.

“आज कशी न सांगता आलीस?” ती म्हणाली.

“मी कधी सांगून येते?”

“रोज की. हे वाजाय लागतं.” तिने खिडकीखालच्या रेडिएटरकडे बोट केलं. “तू तिकडनं निघालीस की हे टिकटिक कराय लागतंय. मग मी आधण ठिवती.”

मी तिथेच दुसऱ्या स्टुलावर बसले. रेडिएटर तापायला लागला की त्याचं लोखंड वाजतं, तेवढंच ते काळीज होतं. काहीतरी कळत होतं, पण नीट लागत नव्हतं.

“आणि दिवसभर?” मी विचारलं.

“दिवसभर कशाला वाजंल? तुमी नसता.”

“तू असतेस ना.”

आईने माझ्याकडे बघितलं. अंगणवाडीत एखाद्या पोराने रोजची गोष्ट परत विचारली की ती अशी बघायची.

“मी असती. पण मी घरातलं माणूस न्हवं. पावण्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं न्हाय का, घरात माणूस असलं की पेटतंय म्हणून? मी आठ दिवस बघितलं. तू एकटी असलीस तरी पेटतंय. पावणं एकटं असलं तरी पेटतंय. मी एकटी असली की गप. मग कळलं.”

“काय कळलं?”

“तुमी तसं लावलंय ते.”

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. तक्रार नाही, रुसवा नाही. मी तिला हलवून विचारलं, असं आम्ही करू असं तुला वाटलंच कसं? आणि वाटलं तर मला का विचारलं नाहीस?

“काय इचारायचं?” आई म्हणाली. “लेकीचं घर. जेवाय घालताय, औषध-पाणी करताय. त्यात आणि ऊब मागायची?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने उठून ती उलटली. मला तिच्याकडे बघवेना. मी हॉलमध्ये गेले आणि निरंजनचा टॅबलेट घेऊन आले. त्या यंत्राचं सगळं त्यात असायचं आणि मी ते कधी उघडूनही पाहिलं नव्हतं, ते त्याचं खातं. पहिल्याच पानावर होतं. घरातली माणसं: दोन. निरंजन, बाहेर. उज्ज्वला, बाहेर. आत्ता घरात कुणी नाही.

मी ते तीनदा वाचलं. मी त्या घरात उभी होते आणि त्याच्या लेखी बाहेर होते. माझा फोन लॉकरमध्ये होता, म्हणजे मीही लॉकरमध्ये. खाली मागच्या दिवसांची यादी होती. सकाळी आठ वीस, कुणी नाही. सकाळी आठ पंचवीस, कुणी नाही. सोमवार ते शुक्रवार, आठवड्यामागून आठवडे, पार नोव्हेंबरापर्यंत.

“काय लिवलंय?” आईने विचारलं.

काहीतरी बिघाड झालाय, असं सांगता आलं असतं. पण दोन महिने तिने एकटीने बघून, पडताळून जे शोधून काढलं होतं, त्याच्यावर आता खोटं बोलणं मला जमलं नाही.

“घरात कुणी नाही, असं लिहिलंय.”

तिने मान हलवली.

“ते फोन बघतं, आई. फोन घराकडे निघाला की तापायला लागतं. माणसं बघत नाही. माझा फोन आणि निरंजनचा फोन त्यात घातलाय. तुझा साधा फोन त्यात जात नाही. आम्ही मुद्दाम नाही गं केलं. आमच्या डोक्यातच आलं नाही.”

बोलता बोलता मला कळलं की मुद्दाम केलं असतं तर तिला निदान समजलं तरी असतं. डोक्यातच आलं नाही, हे जास्त वाईट होतं.

आई विचार करत होती. “म्हंजे हजेरी घेतंय ते,” ती म्हणाली.

“हो.”

“आन् माझं नाव पटावर न्हाय.”

“नाही.”

“आमच्याकडं पटावर नसलेली पोरं यायची की,” आई म्हणाली. “ऊसतोडवाल्यांची. खाऊ पटापरमाणं यायचा, मोजून. तरी मी माघारी धाडलं न्हाय कुणाला. आधी वाटी द्यायची, नाव मागनं घालायचं.”

मी रडले. स्वयंपाकघरात, भाकरीच्या धुरात, चांगली मोठ्याने रडले. तिने पिठाच्या हाताने माझं डोकं धरलं आणि म्हणाली, आता एवढं काय झालंय, चूल होतीच की. मग हळूच म्हणाली, पावण्यांना काही बोलू नकोस, त्यांनी हौसेनं आणलंय.

मी भिंतीवरची तबकडी हाताने फिरवून ठेवली आणि टिकटिक सुरू झाली.

निरंजन संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला दारातच सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, मी असं म्हटलं नव्हतं. मग म्हणाला, मी काय म्हटलं होतं? घरात माणूस असलं की. आपलेच शब्द आपल्या तोंडून ऐकल्यावर तो थांबला. कोट न काढता तो आईसमोर जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“आई, चुकलं माझं.”

“तुमचं न्हाय,” आई म्हणाली. “त्या डबड्याचं.”

“त्याला नावं मीच दिली होती.”

त्याने कपाटातून त्याचा जुना फोन काढला, पुसला, चार्ज केला आणि जेवण बाजूला ठेवून त्याच्याशी झटापट करत बसला. शेवटी नाव टाकायची जागा आली. त्याने ‘आई’ असं लिहिलं आणि तिला दाखवलं.

“पटावर असं नसतंय,” आई म्हणाली. “पूर्ण नाव लागतंय.”

मग त्याने सगळं खोडून परत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, लीलावती गणपतराव मोहिते.

“हजर,” आई म्हणाली.

निरंजन हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तो पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला. मंगळवारची डॉक्टरांची वेळ मी रद्द केली. भाकऱ्या सहावर आल्या. फ्रीजरमधल्या आम्ही होळीपर्यंत तुकडे करून, फोडणीला टाकून संपवल्या. लाँड्री मात्र तिने सोडली नाही. आता घरात ऊब आहे की, असं मी म्हटलं, तर म्हणाली, बायका वाट बघत्यात. मॉरीनही तिथे जाऊन बसायला लागली होती. फेब्रुवारीच्या तिकिटाचा विषय तिने परत काढला नाही, ठरल्याप्रमाणे एप्रिलपर्यंत राहिली.

आजही मंडळात कुणी विचारतं, ते यंत्र घरासाठी घेण्यासारखं आहे का? निरंजन पूर्वीसारखा अर्धा तास बोलत नाही. आधी विचारतो, दिवसभर घरी कोण असतं?

पुढच्या वर्षी येशील ना, हे मात्र ती जाईपर्यंत मी तिला विचारलं नाही. अट तिची होती, आणि नाही म्हणाली असती तर विषयच संपला असता. ती काय ठरवतेय ते तिच्या तोंडावरून मला काही केल्या ओळखता येईना. मँचेस्टरच्या विमानतळावर तिने निरंजनच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, जेवत जा वेळेवर, आणि पाठ फिरवून गेली. मागे वळून बघितलंही नाही.

आम्ही गाडीत येऊन बसलो. निरंजनने सवयीने फोन काढून बघितला आणि तसाच बघत राहिला.

“उजू,” तो म्हणाला, “घरात कुणीतरी आहे.”

त्याने फोन माझ्यापुढे धरला. उज्ज्वला, बाहेर. निरंजन, बाहेर. लीलावती गणपतराव मोहिते, घरात. घराची ऊब वीस अंश. आम्ही दोघांनी एकदमच मागे विमानतळाच्या काचांकडे पाहिलं. काही क्षण मला खरोखर कळेना की ती कुठे आहे.

घरी आलो तेव्हा तो फोन देवाच्या फळीवर सापडला. हळदी-कुंकवाच्या पाळ्याशेजारी, तिच्या रुमालावर नीट ठेवलेला, चार्जरची वायर मागून आणून जोडलेली आणि बटण चालू केलेलं. विसरली, निरंजन म्हणाला. त्याने यादी उघडली, तिच्या नावावर बोट ठेवलं, आणि मग काढून घेतलं. उद्या बघू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विट्याहून तिचा फोन आला. सुखरूप पोचले, वाळवी नाही, जास्वंद वाळलीये, शेजारणीने दूध घेऊन ठेवलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, आई, तो फोन राहिला गं इथे. निरंजन तुझं नाव काढून टाकतो आज, उगाच रिकामं घर तापत राहील.

“राहिला न्हाय,” आई म्हणाली. “ठिवलाय. पाहिजे तर बटण बंद करा, पर पटावरनं नाव काढाय लावू नगंस. म्होरच्या खेपेला परत कुठं घालत बसायचं.”